पाळक राजकारणावर का बोलत नाहीत?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. लग्नात, दफनानंतर चहा घेताना, मंडळीतली तरुण पोरं गाठतात आणि तेच विचारतात. "पाळकसाहेब, बाहेर एवढं चाललंय आणि तुम्ही रविवारी चकार शब्द काढत नाही. घाबरता का?"

घाबरतो. पण तुम्ही समजता त्याला नाही.

वीस वर्षांपूर्वी मी बोलायचो. नगर जिल्ह्यातल्या एका गावात होतो, अंगात रग होती. एका रविवारी उपदेश केला तो दुहेरी कागदांवर. घरात येशू, दाखल्यावर हिंदू, हे कुठवर चालणार? पेत्रानं कोंबडा आरवायच्या आत प्रभूला तीनदा नाकारलं, आपण तर दर जूनला शाळेच्या फॉर्मवर नाकारतो! हे वाक्य माझं मलाच इतकं आवडलं की मी ते दोनदा म्हटलं.

१९५० चा राष्ट्रपतींचा आदेश तुम्हाला पाठ आहे. अनुसूचित जातीचं असायचं तर हिंदूच असायला हवं; १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये बौद्ध. आपण बाहेरच. माझा चुलतभाऊ बौद्ध आहे. गावची विहीर आमच्या दोघांच्या आज्याला सारखीच बंद होती, पण सवलत त्याच्या पोरांना आहे, माझ्या नाही.

त्या उपदेशाला दोन महिने झाले असतील. दुपारी स्कूटरवरून एक माणूस आला, काखेत फाईल. जातपडताळणीच्या चौकशीसाठी आलो म्हणाला, बाप्तिस्म्याची नोंदवही बघायचीय. मंडळीतल्या एका गवंड्याच्या मुलाला राखीव जागेवर इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला होता. सहा वर्षांपूर्वी त्या तिन्ही भावंडांचा बाप्तिस्मा मीच केला होता.

कपाटाची किल्ली माझ्या खिशात होती. किल्ली खजिनदाराकडे आहे, ते पुण्याला गेलेत, एवढंच म्हणायचं होतं. तो माणूस पाणी पीत होता, माझ्याकडे बघतही नव्हता. मला तो माझा कोंबडा आठवला. मी वही काढून दिली.

त्यानं ओळीखाली पट्टी धरून सगळं उतरवून घेतलं. मुलाचं नाव, आईबापाचं नाव, साक्षीदार, पाळकाची सही. मग खाली लिहिलं, 'खरी नक्कल', आणि पेन माझ्या हातात दिलं. त्या मुलाच्या नावाखाली मी दुसऱ्यांदा सही केली.

प्रवेश रद्द झाला. त्यानंतरच्या रविवारी बाप प्रभुभोजनाला आला, सगळ्यांबरोबर गुडघे टेकले. निघताना दारात हात मिळवून म्हणाला, "तुमचा विश्वास टिकला, साहेब. आमचं पोरगं मात्र घरी बसलं."

मी खरं तेच केलं, असं मी पुढची कित्येक वर्षं स्वतःला बजावत आलो. आजही कुणी म्हणालं की खोटं बोलायला हवं होतं, तर मी भांडेन. पण त्या गवंड्यानं येशूला नाकारलं होतं का? पोरांचा बाप्तिस्मा त्यानं गावादेखत केला होता. त्यानं लपवलं ते एका सरकारी रकान्यापासून. मी माझ्या मुलाच्या फॉर्मवर 'ख्रिस्ती' लिहिलं ते ताठ मानेनं, हे खरं; पण त्याची फी मिशनच्या शाळेनं माफ केली होती, हेही खरं. आणि तरीही वाटतं, सगळ्यांनीच लपवलं तर आपण आहोत किती हे तरी कुणाला कळणार?

आता तिसऱ्या बाकावर कुणीतरी मोबाईल धरून बसलेलं असतं. मी व्यासपीठावरून धर्मांतरावर, कायद्यावर, अमक्या पक्षावर गरजलो तर माझं फार काही बिघडणार नाही. बिघडेल त्या वहीतल्या कुणाचं तरी. म्हणून गप्प बसतो. ही सबब आहे असं तुम्ही म्हणाल. असेलही. धर्मांतर केलेल्या दलितांना अनुसूचित जातीचा दर्जा द्यावा का, हे तपासायला २०२२ मध्ये केंद्रानं माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांचा आयोग नेमला, तेव्हा तुम्ही पोरं निवेदन घेऊन आलात. सही मी केली, पण घरी, दार लावून. चर्चमध्ये त्याचा उल्लेखही केला नाही.

तो मुलगा आता मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवतो. गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला. मुलीचा बाप्तिस्मा करायचाय, तुमच्याच हातून.

"नोंदवहीत लिहिणार का?" त्यानं विचारलं.

"लिहावंच लागतं रे."

थोडा वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "पेन्सिलीनं लिहिता का, साहेब?"

परवा रविवार आहे. त्याला मी अजून काही कळवलेलं नाही.