टेम्पो पुढे गेला

तोरणमाळ, रविवार, रात्रीचे साडेनऊ

तळहात अजून लाल आहेत, दोनदा साबण लावूनसुद्धा. मेंदी नव्हे, सागाचं पान. ते पुढे येईलच.

काल संध्याकाळी धुळ्याहून गाडीने शहाद्याला येताना दोंडाईच्याजवळ मिरची वाळवायच्या पथाऱ्या लागल्या. लालभडक शेतंच्या शेतं. नीट बघावं म्हणून काच खाली करायची दुर्बुद्धी मला सुचली आणि सारंगखेड्याचा तापीवरचा पूल येईपर्यंत अख्खी गाडी शिंकत होती. पुढच्या महिन्यात दत्तजयंतीला तिथे घोड्यांचा बाजार भरेल. एकजण म्हणाला, सायकली विकून घोडेच घेऊ. काल सगळे हसलो. आज दुपारी मला त्यात हसण्यासारखं काही दिसेना.

सकाळी सहाला सायकलींवर तोरणमाळसाठी शहादा सोडलं. आम्ही अकरा जण, त्यात बायका दोघी, आणि मागे सामानाचा टेम्पो. म्हसावदपर्यंत रस्ता सपाट. ऊस, केळी, पपई, मधूनच वेचणीला आलेला कापूस. उसाचे दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर मोठ्याने गाणी लावून येतात तेव्हा मुकाट्याने खाली उतरावं. ड्रायव्हरला आपण दिसलो तरी मागच्या डोलणाऱ्या ट्रॉलीला दिसत नाही. थंडीने ब्रेकवरची बोटं आखडली होती. राणीपूरला पोहे, चहा, आणि मग समोर सातपुडा.

तोरणमाळ साडेअकराशे मीटरच्या आसपास, आणि आम्ही निघालेलो तापीच्या खोऱ्यातून. म्हणजे पन्नासेक किलोमीटरच्या रस्त्यात हजारेक मीटरचा चढ, तोही बहुतेक सगळा शेवटी राखून ठेवलेला. अर्ध्या तासात पुढचे नऊ जण वळणाआड गेले. दहावी काही वेळ माझ्यासाठी थांबली, मग मीच तिला 'जा गं' म्हटलं. सोबतीने चढायचं म्हणतात, पण चढावर ज्याचा त्याचा दम.

मग पाठीशी टेम्पो लागला.

मागच्या वर्षी दुसऱ्या एका ग्रुपबरोबर चाळीसगावहून कन्नडचा घाट चढत होते. तेव्हाही अशीच गाडी मागे होती. पहिल्या गिअरमधलं इंजिन पाठीशी घुरघुरतं आणि आपण पाय मोजायला लागतो. गाडीवाला काही म्हणत नव्हता, पण त्या आवाजानेच मी अर्ध्या घाटात उतरले आणि सायकल गाडीत टाकली. वर पोचल्यावर 'असू दे असू दे' म्हणणाऱ्यांचा जास्त राग आला होता.

आज तोच आवाज ऐकला आणि घाईत चूक केली. चढ अंगावर येण्याआधी, पायातला जोर कमी करून गिअर उतरवायचा, हे मला पाठ आहे. तरी ऐन चढात, पूर्ण जोर लावून पुढच्या लहान चकतीवर चेन टाकायला गेले. खट्ट. चेन आतल्या बाजूला, लहान चकती आणि फ्रेम यांच्या मधे जाऊन बसली.

टेम्पोवाले काका उतरले. "ताई, बठी जा. सायकल मी वर टाकी देस."

मी नको म्हटलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, वर रस्त्याकडे बघितलं. "बरं. मी पुढला वळणवर उभा ऱ्हास. तुमना मांगे घरघर नको." आणि खरंच गेले. आवाज हळूहळू झाडीत विरला. कन्नडच्या घाटातलं त्यांना मी काहीच सांगितलं नव्हतं.

चेन काढायला दहा मिनिटं लागली. मागचा डिरेलर, म्हणजे चेन ताणून धरणारा आणि गिअर बदलणारा दांडा, पुढे ढकलून चेन सैल केली, दोन बोटांनी ओढून चकतीच्या दातांवर बसवली, हाताने पॅडल फिरवलं. दोन्ही हात काळेकुट्ट. सरपणाच्या मोळ्या घेऊन चाललेल्या दोन पावरा आदिवासी मुली थांबून बघत होत्या. एकीने मोळी खाली ठेवली, सागाच्या फुटव्याचं कोवळं पान तोडलं, बाटलीतलं पाणी घ्यायला लावलं आणि ते माझ्या तळहातावर जोरात चोळलं. ग्रीस काही गेलं नाही. हात मात्र काळ्यावर लाल झाले. दोघी खिदळत निघून गेल्या. मदत होती की गंमत, अजून कळलेलं नाही.

प्रत्येक दोन-तीन वळणांवर टेम्पो उभा दिसायचा. काका कधी तंबाखू मळत, कधी नुसतेच दरीकडे बघत. मी जवळ आले की गाडी सुरू करून पुढे. सातपायरीच्या घाटात मात्र माझे पाय संपले. एकावर एक वळणं रचलेली दिसतात, वरच्या वळणावरचा माणूस डोक्यावर उभा वाटतो. तीन वळणं सायकल ढकलत चालले. पोटरीत गोळे आले ते वेगळेच. तिथे वारा होता आणि सागाच्या वाळल्या पानांची खरखर. एवढ्या मोठ्या पानाचा आवाज पापड मोडल्यासारखा येतो.

यशवंत तलावापाशी पोचले तेव्हा सगळ्यांचे कपडे बदलून झाले होते, मोबाइलवर कुणाला किती वेळ लागला ते चाललं होतं. आमच्या म्होरक्याने विचारलं, "चाललीस ना मधे? मग घाट धरायचा का?" मी भाकरीकडे वळले. शेवभाजी इतकी झणझणीत की तोंडात पहिला घास असतानाच दोंडाईचा आठवलं. सीताखाईची दरी उद्या बघू. आज जिना दिसला तरी नको वाटतंय.

जेवताना काकांना विचारलं, उद्या उताराला तुम्ही कुठे असाल?

"उतारले मांगे," ते म्हणाले. "आज ब्रेक देखी ल्या."

मागचा ब्रेक खरंच घासतोय. टॉर्च कुणाकडे आहे बघते.