पिंपळ स्त्रीलिंगी का? (माझं लॅटिन शिकणं)

लॅटिन शिकायचं वगैरे कधी डोक्यातच नव्हतं. रविवारी सकाळी आम्ही काही जण टेकडीवर झाडं बघायला जातो, तिथे सगळे धडाधड शास्त्रीय नावं फेकतात, मीही पाठ केलेली. एकदा एका शाळकरी पोराने विचारलं, काकू, फायकस 'अस'ने संपतं ना, मग पिंपळ फायकस रिलिजिओसस का नाही, रिलिजिओसा का? मला काही सांगता येईना. घरी येऊन शोधलं तर कळलं की लॅटिनमध्ये बहुतेक झाडांची नावं स्त्रीलिंगी असतात, शेवट कितीही पुल्लिंगी दिसू दे. म्हणजे आपला मुंजा ज्याच्यावर बसतो तो पिंपळ तिकडे बाई! मग म्हटलं बघूया तरी ही भाषा.

आधी एक ऑनलाइन कोर्स लावला, तो दोन आठवड्यांत सोडला, कारण तिथे व्याकरण सांगतच नव्हते, नुसती वाक्यं ऐका आणि म्हणा. मला आठवी ते दहावी संस्कृत होतं, मला रूपांचं टेबल लागतं. मग व्याकरणाचं जुनं पुस्तक काढलं आणि पहिल्याच पानावर हायसं वाटलं: सहा विभक्त्या, नामांचे पाच गट, आणि द्विवचन नाही!! दुओ म्हणजे दोन अशा एकदोन शब्दांत त्याचं शेपूट उरलंय तेवढंच. देवः देवौ देवाः घोकलेल्या माणसाला हे म्हणजे सुट्टीच.

पण सुट्टी कसली. आमच्या तृतीया, पंचमी आणि सप्तमीचं बरंचसं काम त्यांच्याकडे अ‍ॅब्लेटिव्ह नावाची एकटी विभक्ती करते. चाकूने, गावाहून, जंगलात, सगळं तिच्याच गळ्यात, आणि नक्की कुठलं ते शब्दयोगी अव्ययावरून नाहीतर संदर्भावरून ओळखायचं. सप्तमी अगदीच मेली नाहीये, डोमी म्हणजे 'घरी', हे असं गावांच्या नावांत आणि चारदोन शब्दांत टिकून आहे. आणि 'इन' बरोबर अ‍ॅब्लेटिव्ह आली तर जंगलात, द्वितीया आली तर जंगलाच्या आत जायचं. इन सिल्वा, इन सिल्वम. हे मी किमान महिनाभर चुकवलं.

सगळ्यात मोठा घोळ मात्र शब्द पाठ करण्यात झाला. मी कार्डं केली, एका बाजूला रेक्स, मागे राजा. कॉर्पुस, शरीर. अशी दोनेकशे झाली आणि मी खूश. मग धड्यात आलं रेगेम. हा कोण? अर्धा तास गेला, तो राजाच निघाला, द्वितीयेतला! डिक्शनरीत प्रत्येक नामापुढे षष्ठीचं रूप देतात, रेक्स-रेगिस, कॉर्पुस-कॉर्पोरिस, ते मी सजावट समजून सोडून दिलं होतं, आणि शब्दाचं खरं अंग तर तिथेच असतं कारण पुढची सगळी रूपं त्यावरून होतात. दोनशे कार्डं परत लिहिली, लिंगासकट. कुणी नवीन शिकणार असेल तर हे एवढं तरी पहिल्या दिवसापासून करा हो.

लिंगाचं म्हणाल तर आपल्याला मराठीचा जबरदस्त फायदा आहे. बोनुस, बोना, बोनुम म्हणजे चांगला, चांगली, चांगलं, संपलं. टेबल नपुंसक का आणि खुर्ची बाई का हे आपण कधी विचारलंय का? माझ्या दिल्लीच्या मैत्रिणीला तिसरं लिंग पचायलाच वेळ लागला. आणि नपुंसकलिंगात प्रथमा-द्वितीया सारखीच, वनम् वने वनानि, वनम् वने वनानि, तसंच. म्हणून कोर्टातल्या हेबियस कॉर्पसमधलं कॉर्पस हे कर्म आहे तरी रूप तेच. ते हेबियस म्हणजे आपला विध्यर्थ, 'तुझ्याकडे असावं'.

नोट्स मी देवनागरीत काढते, अ-इ-उचं ऱ्हस्व-दीर्घ आपोआप दिसतं म्हणून. मलुम म्हणजे वाईट, मालुम म्हणजे सफरचंद, इंग्रजी लिपीत वर आडवी रेघ दिली नाही तर फरक कळतच नाही. फक्त शेवटच्या 'अ'ला पंचाईत होते, आपण तो खातो ना, सिल्व लिहिलं की वाचताना सिल्व्. मग मी त्यापुढे अवग्रह (ऽ) द्यायला लागले.

क्रियापदांना मी घाबरून होते पण सुम एस एस्त, सुमुस एस्तिस सुन्त असं मोठ्याने म्हणताना एकदम अस्मि असि अस्ति ऐकू आलं आणि सुन्तच्या जागी सन्ति. मग वेडच लागलं. इग्निस अग्नी, सेर्पेन्स सर्प, विदुआ विधवा, वोमो म्हणजे मी ओकतो, वमामि! नेपोस म्हणजे नातू, आणि आपला नातू सुद्धा नप्तृ वरूनच आलाय. आंब्याच्या मॅन्जिफेरामधलं फेर म्हणजे वाहणं, धारण करणं, तेच आपलं भृ, भरति. आंबे अंगावर वागवणारी. आंबा पण बाईच, बघा.

आता दोन वर्षं होतील. लहान उतारे डिक्शनरी मांडीवर घेऊन जमतात. त्या पोराला पिंपळाचं उत्तर दिलं, तो म्हणाला अच्छा आणि खारीमागे पळाला.

सध्या सोले ओर्तोवर अडकलेय. 'सूर्य उगवल्यावर', दोन्ही शब्द अ‍ॅब्लेटिव्हमध्ये, मुख्य वाक्याशी संबंध नाही. खाली टीप दिलीये, संस्कृतच्या सति सप्तमीसारखं. सूर्ये उदिते सति. दहावीला आमच्या बाईंनी सांगितलेलं की हे नीट करा, आणि मी तेवढंच ऑप्शनला टाकलेलं.