आतली लेन, बाहेरची लेन

मिशिगनमधल्या मराठी घरात आईवडील आले की शिकागो आणि नायगारा उरकल्यावर मॅकिनॉ पुलाची पाळी येते. राज्याचे दोन तुकडे, मधे पाणी, आणि १९५७ पासून त्यांना जोडणारा हा झुलता पूल, या टोकापासून त्या टोकापर्यंत ५ मैल. बाबा पीडब्ल्यूडीत होते, त्यामुळे आमच्याकडे क्रम उलटा: आधी पूल, मग जमलं तर बाकीचं.

ऑक्टोबरात निघालो. जाताना लख्ख ऊन होतं. या पुलाच्या आतल्या लेनना डांबर नाही, नुसती पोलादी जाळी. चाकं तिच्यावर चढली की गाडीत गिरणी सुरू झाल्यासारखी घरघर होते, आणि जाळीतून खाली, जवळजवळ २०० फुटांवर, पाणी दिसतं. बाबांनी मुद्दाम त्याच लेनमधून न्यायला लावलं. जाळी अशासाठी, की वारा तिच्यातून आरपार निघून जावा, पुलाला उचलू नये. टॅकोमाचा नवाकोरा झुलता पूल १९४० मध्ये चार महिन्यांतच वाऱ्यात पिळवटून कोसळला. ते ध्यानात ठेवून डेव्हिड स्टाइनमन यांनी हा बांधला. बाबा हे सगळं आईला सांगत होते. आईने डोळे घट्ट मिटून घेतले होते.

परतायच्या दिवशी वारा सुटला, पाऊस आडवा. टोलनाका उत्तरेच्या काठावर, म्हणून येताना आधी पैसे आणि मग पूल. सूचना मिळाल्या: वेग ताशी २० मैलांच्या आत, चारी इंडिकेटर चालू, बाहेरची लेन सोडायची नाही. म्हणजे जाळी टळली, पण कठडा खेटून आला! ज्यांना भीती वाटते त्यांची गाडी पुलावरची माणसं चालवून देतात, हे मी गंमत म्हणून सांगून टाकलं.

"मग दे की त्यांनाच," आई म्हणाली. "त्यांचं रोजचं आहे."

मला जरा लागलंच.

वीसच्या वेगाने ५ मैल म्हणजे पंधरा मिनिटं, आणि मनोऱ्यांची टोकं ढगात गेलेली. फार जोराच्या वाऱ्यात मधला भाग ३५ फुटांपर्यंत बाजूला सरकू शकतो. पण तो हिंदकळत नाही. सावकाश एका अंगाला जातो आणि वारा आहे तोवर तिथेच राहतो. धक्के खात होती ती आमची गाडी. बाबा खिडकीला नाक लावून बसले होते.

"काहीच कळत नाही रे," ते म्हणाले, तेही अगदी तक्रारीच्या सुरात.

दक्षिणेच्या काठावर कॉफी घेताना मी सांगितलं, की सप्टेंबरातल्या लेबर डेला लोक हा पूल चालत ओलांडतात, १९५९ पासूनची प्रथा आहे. बाबांनी लगेच आईकडे पाहिलं.

"येईन की," आई म्हणाली. "पायी कुठेही येईन. याच्या गाडीतून तेवढं नको."