आवाज येत होता, पण हेडफोन तापत होता

पांढरकवड्यात माझं इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीचं दुकान आहे. कापसाच्या हंगामात फवारणी पंपांचे चार्जर येतात, सप्त्याच्या दिवसांत भजनी मंडळांचे अँप्लिफायर, आणि एरवी मिक्सर, टीव्ही, सेट टॉप बॉक्स. त्या दिवशी तालुक्यातल्या एका कोलाम पोडावरचे, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरचे, गुरुजी प्लायवूडचा छोटा डबा घेऊन आले. डब्याला सहा जॅक, आत एक छोटा हिरवा बोर्ड आणि बाहेर पॉवर बँक. सोबत पिशवीत सहा हेडफोन.

"भाऊ, आवाज तर मस्त येते," गुरुजी म्हणाले. "पण एक पोरगी म्हणते कानाले गरम लागते. मले वाटलं पोरं काहीबाही सांगतात, मग मी स्वतः लावून पाह्यलं. खरंच गरम लागते. आणि पॉवर बँकही लवकर उतरते."

डब्याची कल्पना मला मनापासून आवडली. पोडावरची मुलं घरी कोलामी बोलतात. ती द्रविड कुळातली भाषा, मराठीशी तिचं नातं नाही. शाळेत आल्या आल्या मात्र पुस्तक मराठी. गुरुजींनी पोडावरच्या एका आजीकडून कोलामीत गोष्टी सांगून घेतल्या, मोबाइलवर रेकॉर्ड केल्या, आणि त्याच गोष्टी मराठीत स्वतःच्या आवाजात भरल्या. सहा मुलांनी आधी कोलामीतली ऐकायची, मग मराठीतली. वर्ग एकच, त्यात पहिली ते चौथी एकत्र, म्हणून स्पीकर लावून चालत नाही. हेडफोनच हवेत.

बोर्ड पीएएम 8403 या अँप्लिफायर चिपचा होता. हा आता सगळीकडे मिळतो, बोटाच्या पेराएवढा, 5 व्होल्टवर चालतो, आणि 4 ओहमच्या स्पीकरला दर चॅनेल 3 वॅटपर्यंत देतो. क्लास डी, म्हणजे आवाजाचे तुकडे करून पाठवणारा, असल्यामुळे नीट जोडला तर फारसा तापत नाही, बॅटरी कमी खातो. लहान स्पीकरसाठी याच्याइतका चांगला बोर्ड या किमतीत मिळणं अवघड. पण तो स्पीकरसाठी आहे, हेडफोनसाठी नाही, आणि हे बोर्डावर कुठे लिहिलेलं नसतं.

मी डबा चालू केला, मोबाइल लावलाच नाही. गाणं नाही, गोष्ट नाही, पूर्ण शांतता. मीटर डीसीवर, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवर, ठेवून एका जॅकच्या आतल्या दोन टोकांना लावला. अडीच व्होल्टच्या आतबाहेर आकडा आला. दुसऱ्या जॅकवर तोच, तिसऱ्यावर तोच. गुरुजींना बोलावून आकडा दाखवला. इथे शून्य पाहिजे होता.

झालं होतं असं. या चिपला प्रत्येक चॅनेलची दोन टोकं असतात, अधिक आणि उणे. उणे म्हटलं की आपण ते ग्राउंड समजतो, पण इथे तसं नाही. दोन्ही टोकं जिवंत असतात. ताक घुसळताना रवीच्या दोरीचं एक टोक ओढलं की दुसरं सैल सुटतं, तशी ही दोन टोकं उलटसुलट चालतात आणि स्पीकर त्यांच्या मधे बसतो. गाणं नसताना दोन्ही टोकं पुरवठ्याच्या निम्म्यावर, म्हणजे सुमारे अडीच व्होल्टवर उभी असतात. स्पीकरला दोन्हीकडून सारखाच दाब, म्हणून त्यातून डीसी जात नाही.

हेडफोनच्या पिनला मात्र तीनच भाग. टोकाला डावा, मधे उजवा, आणि मागचा भाग दोघांचा मिळून एक. तो सामाईक भाग कुठे जोडायचा, हाच प्रश्न. दोन्ही उणे टोकं एकत्र करून ग्राउंडला दिली तर आउटपुट सरळ शॉर्ट होतं. चिपला शॉर्टपासून संरक्षण आहे, तरी त्याच्या भरवशावर असं करू नये. गुरुजींनी तसं केलं नव्हतं. त्यांनी उणे टोकं मोकळी सोडली, अधिक टोकं जॅकला दिली आणि सामाईक भाग बॅटरीच्या ग्राउंडला. शॉर्ट नाही, आवाज येतो, दोन्ही कानांत येतो. म्हणून कुणालाच शंका आली नाही. पण एका बाजूला अडीच व्होल्ट, दुसऱ्या बाजूला शून्य, आणि मधे हेडफोनमधल्या तारेची 32 ओहमची कॉइल. 2.5 भागिले 32, म्हणजे जवळपास 78 मिलिअँपिअर, अखंड. प्रत्येक कानाजवळ सुमारे 0.2 वॅटची उष्णता, गोष्ट चालू असो वा नसो. सहा हेडफोन म्हणजे बारा कॉइली. पॉवर बँक का उतरत होती तेही त्यातच आलं. चिपला हात लावला, चांगलीच तापली होती.

एका हेडफोनची डावी बाजू बंद होती. ती उघडली. आत पारदर्शक पातळ पडदा, त्याच्या मागे केसासारख्या तारेची गोल कॉइल. मीटर लावला तर कॉइल तुटलेली. मग चालू बाजू उघडली आणि गुरुजींना म्हटलं, पडद्याकडे पाहा. पिन जॅकमध्ये घातली. टक् असा आवाज आला, पडदा एका बाजूला सरकला आणि तिथेच थांबला. पिन काढली, जागेवर आला. कानाजवळ तो सतत असा एका बाजूला ताणलेला राहून वाजत होता. गुरुजींनी स्वतःच्या हाताने पिन परत घालून पाहिली. बराच वेळ ते काही बोलले नाहीत.

खरं तर मला गरम कानापेक्षा दुसऱ्या गोष्टीची काळजी जास्त वाटली. हेडफोनच्या खोक्यावर 32 ओहम आणि एका मिलिवॅटला 100 डेसिबल असं छापलं होतं. अडीच व्होल्टच्या वर-खाली पूर्ण झोका घेतला तर एका टोकावरून सुमारे 1.77 व्होल्ट आरएमएस (सरासरी परिणामाचा आकडा) मिळतात, म्हणजे 32 ओहममध्ये जवळपास 98 मिलिवॅट. हिशेबाने 120 डेसिबल. जागतिक आरोग्य संघटनेने मुलांसाठी 75 डेसिबल, आठवड्याला 40 तास अशी मर्यादा दिली आहे, आणि दर 3 डेसिबल वाढले की वेळ निम्मा करायचा. 120 पर्यंत हा हिशेब नेला तर 40 तासांचे साडेचार सेकंदसुद्धा उरत नाहीत. चिपचा गेन 24 डीबी, म्हणजे आत येणारा सिग्नल ती जवळपास सोळा पट करते. मोबाइलचा आवाज पूर्ण ठेवून कुणी चुकून गाणं लावलं असतं तर सहा मुलांच्या कानात एकदम तेच गेलं असतं. मुलांचं ऐकणं गेलं की ते परत येत नाही, आणि लहान मूल ते सांगतही नाही, कारण त्याला ते कळत नाही. त्या मुलीने गरम लागतंय म्हणून सांगितलं हे फार बरं झालं.

दुरुस्तीला सामान फार लागलं नाही. दोन्ही अधिक टोकांवर 220 मायक्रोफॅरडचा एकेक कंडेन्सर घातला, त्याचं अधिक चिपच्या बाजूला. डीसी तिथेच अडतो, आवाज पुढे जातो. त्याच्या पुढे ग्राउंडला 1 किलो ओहमचा रेझिस्टर, म्हणजे कंडेन्सर आधीच चार्ज होऊन बसतो आणि पिन घालताना टक् होत नाही. मग प्रत्येक जॅकच्या प्रत्येक बाजूला वेगळा 220 ओहम. हा रेझिस्टर तीन कामं करतो. आवाज खाली आणतो, मागची सुरसुर कमी करतो, आणि पिन घालताना जॅकमधले संपर्क क्षणभर एकमेकांना चिकटतात तेव्हा चिपला वाचवतो. एका मुलाने पिन काढली तरी बाकीच्यांचा आवाज हलत नाही.

क्लास डी आवाजाचे तुकडे करून पाठवतो, या चिपमध्ये सेकंदाला सुमारे दोन लाख साठ हजार वेळा. ते कानाला ऐकू येत नाही, पण लांब वायरी अँटेनासारख्या वागतात आणि शेजारच्या रेडिओत खरखर करतात. म्हणून प्रत्येक जॅकवर 104 नंबरचा, म्हणजे 0.1 मायक्रोफॅरडचा, छोटा कंडेन्सर ग्राउंडला दिला. 220 ओहम आधीच होता, दोघं मिळून ती वरची फ्रिक्वेन्सी बरीच दबते.

शेवटी इनपुटला प्रिसेट, म्हणजे स्क्रूड्रायव्हरने कमी-जास्त करता येणारा छोटा रेझिस्टर, लावला. मोबाइलवर 400 हर्ट्झचा टोन पूर्ण आवाजात सोडला, हेडफोन लावलेला ठेवून जॅकवर एसी मिलिव्होल्ट मोजले, आणि 32 वर आणून प्रिसेट लाखेने बंद केला. या हेडफोनला 32 मिलिव्होल्ट म्हणजे साधारण 85 डेसिबल. बोलण्याची सरासरी पातळी पूर्ण टोनच्या बरीच खाली असते, म्हणून गोष्टी 70 च्या आसपास राहतात. मोबाइल कितीही वाढवला तरी याच्या वर जात नाही. बटण बाहेर ठेवलं नाही. मुलांच्या हाती बटण देऊ नये असं माझं ठाम मत आहे.

दुसऱ्या दिवशी गुरुजींचा फोन. डबा थोड्या वेळाने आपोआप बंद पडतो. कारण लगेच लक्षात आलं. आता डबा इतका कमी करंट घेत होता की पॉवर बँकला वाटायचं काही लावलेलंच नाही, आणि ती स्वतःला बंद करायची. तिच्या जागी संरक्षण बोर्डासह एक लिथियम सेल बसवला. चिप अडीच व्होल्टपासून चालते, सेलच्या 3.7 व्होल्टला काही अडचण नाही. उलट पुरवठा कमी झाल्यामुळे चिप जास्तीत जास्त देऊ शकेल ती पातळीही थोडी खाली आली. तुटक्या हेडफोनच्या जागी नवा दिला, तोही 32 ओहमचाच, कारण दुसरा घेतला असता तर प्रिसेटचा हिशेब बदलला असता.

गुरुजींनी बिलाच्या मागे आकृती काढून घेतली. शेजारच्या पोडावरही असाच डबा करायचा म्हणतात. आता दुकानात कुणी हा बोर्ड मागितला की मी आधी विचारतो, स्पीकरला हवा की हेडफोनला. हेडफोनला म्हटलं की सोबत दोन 220 चे कंडेन्सर आणि रेझिस्टर पुडीत बांधूनच देतो, आणि कानाला लावण्याआधी जॅकवर डीसी मोजून घ्यायला सांगतो. ज्याच्याकडे मीटर नाही त्याने डबा घेऊन दुकानात यावं, त्याचे मी पैसे घेत नाही.