सारीपाट नोंद: पौबाराच्या पावसाचं कारण सापडलं

पावसाळ्यात सारीपाटासाठी मी घरी केलेल्या ज्या सागवानी फाशांचं इथे सगळ्यांनी कौतुक केलं, ते बाद झाले. गेल्या शनिवारी एकाच डावात इतके पौबारा (सहा-सहा-एक, म्हणजे तेराचं दान) पडले की आमच्यातला बँकवाला सोंगट्या सोडून वही काढून बसला. बाकीचे मला शकुनीमामा म्हणून मोकळे झाले. माझी जोडी हरत होती, हे कुणाच्या गावीही नाही.

वहीतला हिशेब मात्र बरोबर होता. लांबट फाशाला बाजू चार: १, २, ५, ६. तीन फाशांची ६४ दानं होतात, त्यांतली सहा-सहा-एकची फक्त तीन. म्हणजे सरासरी २१ दानांत एक पौबारा. आमच्याकडे जवळपास दुप्पट पडत होते. त्याला फार मोठी खोट लागत नाही. १ आणि ६ यांचा वाटा प्रत्येकी २५ टक्क्यांवरून ३० वर गेला की पौबारा १२ दानांत एक होतो, कारण तो ३० तीनदा गुणला जातो.

रविवारी जाडी मापायला कॅलिपर लावला. (स्वस्तातले डिजिटल कॅलिपर शतांशाचा आव आणतात आणि दर मापाला वेगळं बोलतात. जुना हाताचा व्हर्नियर कॅलिपर मिळाला तर सोडू नका.) ऑगस्टमध्ये दोन्हीकडून बारा मिलिमीटर असलेले फासे आता एका अंगाने ११.८ आणि दुसऱ्या अंगाने ११.६ भरले. रुंद राहिलेल्या बाजूंवर नेमके १ आणि ६. रुंद बाजूवर फासा जास्त बसणारच.

टोकाकडून पाहिल्यावर उलगडा झाला. लाकूड वाळताना वाढीच्या वलयांच्या (टोकाला दिसणाऱ्या रेघांच्या) दिशेने जेवढं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच वलयांना काटकोनात आकसतं. तिन्ही फासे एकाच पट्टीतले, वलयं तिन्हींत सारख्याच बाजूला समांतर, म्हणून तिघे एकाच दिशेने बिघडले. वखारीत ‘दोन वर्षं वाळलेलं’ म्हणून मिळालेलं सागवान मुळात ओलं होतं. सागवान एरवी शहाणं लाकूड आहे, वाळल्यावर फार हलत नाही. पण वखारीतल्या ‘वाळलेलं’ या शब्दावर आता माझा काडीचा विश्वास नाही. कापायच्या आधी तुकडा वजन करून ठेवायचा, वजन उतरायचं थांबेपर्यंत करवत लावायची नाही.

आता मजा ऐका. वलयं कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरपी जातील अशी पट्टी कापली तर? मग चारही बाजू सारख्याच आकसतात. चौकोन शंकरपाळ्यासारखा किंचित कलंडतो, पण बाजूंची रुंदी एकच राहते. एका तुकड्यावर करून पाहिलं. मुद्दाम थोडं ओलं लाकूड घेतलं, उन्हात वाळवलं, मापलं: कोन बिघडला, रुंदी चारही बाजूंची सारखी! त्या रात्री मी घरात उगाचच सगळ्यांशी गोड बोलत होतो.

लिहिता लिहिता एक शंका आली. कलंडलेल्या फाशाला दोन कडा अणकुचीदार, दोन बोथट. नेहमी एकाच दिशेने घरंगळला तर अणकुचीदार कडेआधी अडकून बसेल, म्हणजे पुन्हा एक जोडी जास्त पडेल. पण फासा टोकाकडून उलटा धरला की दिशाही उलटते, आणि तळहातांत खुळखुळवताना टोकं उलटसुलट होतातच. म्हणजे नियम एवढाच हवा: नीट खुळखुळवल्याशिवाय टाकायचे नाहीत. आमच्यात दोघं फासे चिमटीत धरून अलगद सोडतात, त्यांना पेला द्यावा लागेल.

खरं तर आता वाटतंय, आधी पितळेचाच संच करावा. चौकोनी पितळी गज मापाला पक्का असतो आणि हवेने फुगत नाही. पुण्याच्या बोहरी आळीत एक चक्कर मारून येतो. भीती एवढीच की कापडी पटावर पितळ आपटलं की सोंगट्या उडतात, आणि कुठल्या घरात होत्या यावरून तासभर भांडण. म्हणजे फासे टाकायला वेगळा पाट हवा. पितळ आधी, सागवान नंतर, हे ठरलं. निदान आजपुरतं.

मंडळींचं मत मात्र वेगळंच. बिघडलेले फासेच ठेवा म्हणतात! पौबारा पडला की जो आरडाओरडा होतो, त्यासाठीच ते येतात म्हणे. एक जण तर दोन वर्षं फोनवरच भेटायचा, तो आता शनिवार चुकवत नाही. जेजुरीच्या कथेत म्हाळसेशी सारीपाटात हरलेला खंडोबा बाणाईच्या बापाकडे चाकरीला जातो. आमच्यात हरणारी जोडी भजी तळते आणि बाकीचे ओट्याशी उभे राहून तिला चुकलेल्या चाली समजावतात. त्या गोंधळात फासे किती खरे याची चिंता फक्त मला आणि बँकवाल्याला.

तोडगा असा निघाला: पहिला डाव जुन्या फाशांनी, भज्यांचा डाव नव्यांनी. जुन्यांवर लाल दोरा बांधलाय.

ठिपक्यांचं अजून अडलंय. सहाच्या बाजूला सहा भोकं आणि एकच्या बाजूला एक, म्हणजे वजनात फरक पडतोच. लाख भरली तर पॉलिशपेपर मारताना ती चिकटते. कुणी पितळी तार ठोकून पाहिली असेल तर तार किती जाडीची, ते कळवा.