दहा फोटो, दहाही फळांचे

ऐन उन्हाळ्यात बाकीची झुडपं मरगळलेली असताना एकावर लालभडक फळांचे घोस दिसले. लगेच मोबाइल काढला आणि दहा फोटो घेतले, दहाही फळांचे. इथेच चुकलो. झाडं ओळखणाऱ्या अ‍ॅपने प्रत्येक फोटोला वेगळं नाव दिलं. त्यातलं करवंद मला पटलंसुद्धा. करवंदही आधी लाल होतं, मग काळं. आणि इथेही लाल फळांच्या शेजारी काळी होतीच.

दुसऱ्या दिवशी परत गेलो ते काटे शोधायला. करवंदाचे काटे टणक, कित्येकदा टोकाला दुभंगलेले. ते शोधावे लागत नाहीत, आपल्यालाच लागतात. इथे एकही नव्हता. पान खुडलं तर देठातून पांढरा चीक आला. पण चीक करवंदालाही असतोच, त्यामुळे तेवढ्यावर काही ठरेना. (दोन्ही कण्हेरीच्याच कुळातली, हे नंतर कळलं.)

मग उकिडवा बसलो आणि फांदी पेरापेराने पाहिली. करवंदाची पानं समोरासमोर, जोडीने येतात. इथे एका पेराभोवती चार पानं होती आणि चारही सारखी नव्हती: काही चांगली लांब, काही त्यांच्या निम्मीसुद्धा नाहीत. एका पेरावर तीनच दिसली तेव्हा जरा डगमगलो, पण पुढच्या सगळ्या पेरांवर पुन्हा चार. एक पिकलं फळ दगडावर ठेवून काडीने फोडलं. आत दोन बिया.

घरी येऊन फळांचा रंग बाजूला ठेवला आणि पानांच्या मांडणीवरून शोधलं. रावोल्फिया टेट्राफायला. टेट्राफायला म्हणजे चार पानांचं, नावातच उत्तर! झुडूप मूळचं अमेरिकेच्या उष्ण भागातलं, सर्पगंधेचं जवळचं भावंड. सर्पगंधेच्या मुळांतून १९५२ मध्ये वेगळं केलेलं, रक्तदाब उतरवणारं रेसर्पिन यातही असतं. फळं विषारी. पहिल्या दिवशी एखादं जिभेला लावून बघावं असं मनात आलं होतं, हे लिहिताना आत्ताही कसंसंच होतंय. चिकाचे हात मात्र तेव्हा धुतले होते.

गंमत म्हणून पेराचा एक फोटो त्याच अ‍ॅपला दिला. पहिलंच नाव बरोबर आलं.