यकृतातील गाठीत पुन्हा जुळलेल्या ग्रंथी

त्या सकाळी यकृतातून काढलेल्या गाठीची स्लाइड माझ्यापुढे ठेवताना आमची निवासी डॉक्टर म्हणाली, "सर, हा आतड्याचाच कॅन्सर पसरला असेल असं वाटत नाही. आतड्यातली गाठ याहून खूप विस्कटलेली होती." रुग्णाच्या मोठ्या आतड्याची शस्त्रक्रिया सव्वा वर्षापूर्वी झाली होती. यकृतातील गाठ हा दुसराच, नव्याने उद्भवलेला कर्करोग असता, तर उपचारांची सगळी दिशाच बदलली असती. त्यामुळे तिची शंका मला गंभीर वाटली.

आम्ही जुने ब्लॉक, म्हणजे आतड्यातील गाठीचे मेणात जपलेले तुकडे, मागवले आणि पेशी मूळ कोणत्या अवयवातल्या हे सुचवणाऱ्या सीके २०, सीडीएक्स २ व सीके ७ या प्रथिनांबरोबर ई-कॅडहेरिन आणि बीटा-कॅटेनिन या प्रथिनांचीही रंजने करायला दिली. तोवर जुन्या स्लाइड पुन्हा पाहिल्या. आतड्यातील गाठीच्या मध्यभागी ग्रंथी, म्हणजे पेशींनी एकमेकींशी जुळून केलेल्या नळ्या, बऱ्यापैकी घडलेल्या होत्या, पण स्नायूंच्या थरात घुसणाऱ्या कडेला पेशी एकेकट्या किंवा दोन-तीनच्या झुपक्यांनी सुटून पडल्या होत्या. चारपर्यंत पेशींच्या अशा झुपक्यांना आम्ही 'बड' म्हणतो आणि २०१६ साली बर्न येथे ठरलेल्या पद्धतीनुसार ते ०.७८५ चौरस मिलिमीटर क्षेत्रात मोजतो. दहा किंवा अधिक आढळले तर सर्वांत वरची श्रेणी. येथे चौदा होते. निवासी डॉक्टरच्या लक्षात राहिली होती ती हीच कडा.

दुपारी रंजने हाती आली. यकृतातील पेशी सीके २० आणि सीडीएक्स २ यांना होकारार्थी, सीके ७ ला नकारार्थी होत्या. मोठ्या आतड्यातून आलेल्या पेशींचे हे नेहमीचे चित्र. मला मात्र खिळवून ठेवले ते ई-कॅडहेरिनने. पेशींना एकमेकींशी बांधून ठेवणारे हे प्रथिन आतड्यातील ग्रंथींमध्ये प्रत्येक पेशीभोवती तपकिरी रेघेसारखे उमटले होते. कडेच्या सुट्या पेशींत ती रेघ तुटक होती, काहींत नव्हतीच, आणि एरवी पेशीपटलाशी राहणारे बीटा-कॅटेनिन त्यांच्या केंद्रकात शिरलेले होते. यकृतातील गाठीच्या मध्यभागी मात्र ग्रंथी पुन्हा जुळल्या होत्या आणि रेघ पुन्हा अखंड होती.

आतडे आणि यकृत यांच्यातील प्रवास स्लाइडवर दिसत नाही, आणि बंध सोडल्याशिवाय पेशी पसरूच शकत नाहीत का, यावर संशोधकांत अजून मतभेद आहेत. तरीही मोठ्या आतड्याच्या कर्करोगातील हाच उलटसुलट बदल जर्मन संशोधक ब्राब्लेट्झ आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये मांडला होता. भ्रूणाच्या वाढीतही पेशी शेजारणीचा हात सोडून दूर जातात आणि तेथे नवी ऊती घडवतात. कर्करोग तीच जुनी क्षमता वापरतो, असे मी निवासी डॉक्टरला सांगितले. यकृतातील नीटस ग्रंथी पाहून रोग सौम्य झाला असे समजणे मला धोक्याचे वाटते, कारण वाढायला जागा मिळाल्यावर पेशींनी घेतलेले ते रूप असते.

अहवालात मी मूळ स्थान मोठे आतडे असल्याचे स्पष्ट लिहिले आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांना फोन करून 'नवा कर्करोग नाही' हे कळवले. फोन ठेवला तेव्हा निवासी डॉक्टर यकृतातील गाठीची कडा अजून तपासत होती. तिने मला बोलावले आणि पेनाने स्लाइडवर एक ठिपका केला. त्या ठिपक्याखाली, यकृताच्या निरोगी पेशींच्या रांगेत, पाच-सहा पेशी पुन्हा एकेकट्या सुटलेल्या होत्या.